चार बोटे साल

एका भुईकोट किल्ल्यात एकदा एक बाग होती आणि तिची कीर्ती किल्ल्याहून मोठी होती. किल्ला कुणी जिंकला, कुणी हरला, हे गावात फारसे कुणाला सांगता येत नसे. पण तिथली गोरखचिंच कुठल्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने आणली आणि रुद्राक्षाला पहिले फळ कोणत्या राजाच्या कारकिर्दीत धरले, हे पोरासोरांना पाठ होते. खंदकाचे पाणी आत खेळवून, उतारावर टप्पे पाडून संस्थानच्या एका जुन्या राणीने ही बाग वसवली होती. कारंज्याभोवती कुंतीचे कातरलेले कुंपण, त्यामागे बकुळीची राई, पश्चिमेच्या बुरुजाखाली कैलासपतीचे झाड आणि मधल्या टप्प्यावर एकच एक अशोक. रस्त्याच्या कडेला सरळसोट उभा असतो तो अशोक नव्हे. तो नुसता नाव लावून मिरवणारा. हा खरा, सीतेचा अशोक: पसरट, दाट सावलीचा, केशरी-लाल फुलांच्या झुबक्यांचा.

चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाच्या आठ कळ्या खाल्ल्या की वर्षभर शोक जवळ येत नाही, अशी समजूत आहे. त्या दिवशी बाग सर्वांना खुली असे. बायका कळ्यांसाठी येत, पुरुष बायकांच्या निमित्ताने येत आणि सगळेच दिवसभर झाडे पाहत हिंडत.

त्या गावात एक वृद्ध वैद्य राहत. त्यांना गाव आचार्य म्हणे. त्यांच्या हाताखाली निळकंठ नावाचा शिष्य होता. हुशार, कष्टाळू आणि बोलका. वनस्पतींची नावे, गुण, श्लोक सारे त्याच्या जिभेच्या टोकावर. आचार्यांच्या मागे औषधालय तोच चालवणार, हे लोकांनी ठरवून टाकले होते. आचार्यांनी ठरवले होते की नाही, हे कुणाला ठाऊक नव्हते. ते कौतुक करीत ते क्वचितच, उंबराच्या फुलासारखे.

आता झाले असे. बायकांच्या दुखण्यांवर अशोकाची साल लागते. ती घाटाखालच्या रानातून आणावी लागे. जाऊन येईपर्यंत पायाला जळवा, पाठीला ओझे आणि डोक्याला ताप. साल घेण्याचा नियमही ठरलेला होता. आदल्या संध्याकाळी झाडापुढे अक्षता ठेवून परवानगी मागायची. दुसऱ्या दिवशी एकाच बाजूची, चार बोटे रुंद साल घ्यायची आणि जखमेवर शेणमातीचा लेप द्यायचा. आचार्यांच्या गुरूंच्या गुरूंपासून हे असेच चालत आले होते.

एकदा एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना आणि औषधालयातली साल संपलेली. आचार्यांनी किल्ल्यावर निरोप पाठवला. आईसाहेबांनी, म्हणजे संस्थानच्या वृद्ध मालकिणीने, तत्काळ होकार दिला आणि बागेच्या माळ्याला, गेनूला सांगून ठेवले, "वैद्यबुवांचा माणूस कधीही आला तरी अडवू नकोस." निळकंठाने रीतसर अक्षता ठेवल्या, चार बोटे साल काढली, लेप दिला. बाळंतीण वाचली. इथवर सगळे योग्यच होते.

पुढच्या खेपेला रानात जायचे त्याच्या जिवावर आले. पाऊस लागला होता आणि किल्ला हाकेच्या अंतरावर होता. तो बागेत गेला. जुन्या जखमेला त्याने हात लावला नाही. तिच्या शेजारची चार बोटे घेतली. ती साल हातात घेऊन आचार्य म्हणाले, "कशी ताजी आणलीस रे!" निळकंठाला रात्री गोड झोप लागली.

त्यानंतर तो रानात गेलाच नाही. दर खेपेला अक्षता, दर खेपेला प्रार्थना, दर खेपेला चारच बोटे, वर लेप. झाडाची परवानगी तो न चुकता मागत असे, आणि झाड काही कधी नाही म्हणत नसे. गेनूने एकदा विचारले, "एवढी साल काढताय, झाडाला बाधत नाही न्हवं?" त्यावर निळकंठाने त्याला एक श्लोक म्हणून दाखवला. गेनूला त्यातले काही कळले नाही, आणि कळू नये म्हणूनच तो म्हटला होता. मात्र त्या संध्याकाळी घरी परतताना निळकंठाचे मन थोडे टोचत होते. मग त्याने मनाला समजावले की नियम आपण कधी मोडलेला नाही.

दोन-अडीच वर्षे अशीच गेली आणि चैत्रातली अष्टमी आली.

त्या वर्षी अशोक असा फुलला की पाहणाऱ्यांना बोलायला सुचेना. फांद्यांवर झुबके, खोडावर झुबके. पानांपेक्षा फुलेच जास्त. आईसाहेब स्वतः खाली उतरून आल्या होत्या. "वैद्यबुवा," त्या म्हणाल्या, "सासूबाईंच्या वेळीसुद्धा असा बहर पाहिल्याचं आठवत नाही."

निळकंठ सकाळपासून लोकांना बाग दाखवत हिंडत होता. गोरखचिंचेपाशी त्याने लोकांना हसवले, रुद्राक्षापाशी हात जोडायला लावले आणि आता अशोकापाशी तो कळीचे माहात्म्य रंगवून सांगत होता. तो बहर पाहून मनातली उरलीसुरली टोचणीही निघून गेली. झाडाला बाधले असते तर ते असे फुलले असते का?

आचार्य मागून सावकाश आले. सगळे वर पाहत होते. ते फांद्यांच्या टोकांकडे पाहत राहिले. अशोकाची कोवळी पालवी तांबूस असते, ओल्या फडक्यासारखी लोंबते. या दिवसांत ती असायला हवी होती. ती कुठेच नव्हती. मग आचार्यांनी खोडावर तळवा टेकला आणि झाडाला प्रदक्षिणा घातली. हाताखाली सुकलेला लेप लागत होता. ते पुढे सरकले, तरी लेपच. फिरून पहिल्या जागी आले, तरी लेपच. 

"आईसाहेब," ते म्हणाले, "देवघरातलं गंगेचं पाणी आणवता का थोडं? आणि तुळशीचं एक पान."

पूजेसाठी असेल असे वाटून आईसाहेबांनी लगेच आणवले. आचार्यांनी पायताण काढले, डोक्यावरची पगडी उतरवून बाजूला ठेवली आणि ते झाडाच्या मुळाशी गुडघे टेकून बसले. तुळशीचे पान त्यांनी मुळावर ठेवले आणि त्यावर गंगेचे पाणी थेंब थेंब सोडले.

बायका एकदम मागे सरकल्या. "अगं बाई! सणाच्या दिवशी हे काय अभद्र!" कुणीतरी म्हणाले. कुणाच्या तरी हातातल्या कळ्या खाली पडल्या.

आईसाहेबांचा चेहरा कठोर झाला. "वैद्यबुवा, हे माणसाच्या शेवटच्या घटकेला करतात."

"हो, आईसाहेब. म्हणूनच केलं."

"एवढं फुललेलं झाड?"

"फुललंय म्हणूनच म्हणतो." आचार्यांनी नखाने लेपाचा एक पोपडा काढला, मग दुसरा, मग तिसरा. खाली साल नव्हती. उघडे, वाळलेले लाकूड होते आणि ते सगळ्या खोडाभोवती कड्यासारखे फिरलेले होते.

निळकंठाला ते कडे ओळखीचे होते. आपण शेवटची चार बोटे मार्गशीर्षात घेतली, तेव्हा तिथे पहिल्या खेपेची जुनी जखम येऊन भिडली होती, हे त्याने पाहिले होते. पाहिले होते आणि त्यावर लेप दिला होता.

"गेनू!" आईसाहेब गरजल्या; स्वतःचा जुना हुकूम त्यांच्या ध्यानातही नव्हता. "झाडं तुझ्या स्वाधीन. तुझ्या डोळ्यांदेखत हे झालं कसं? कुणाला विकलीस साल?"

गेनू पुढे आला. त्याने एकदा निळकंठाकडे पाहिले आणि लगेच नजर वळवली. वैद्यबुवांच्या शिष्याचे नाव वैद्यबुवांसमोर, एवढ्या लोकांत कसे घ्यावे, हे त्या माणसाला समजेना. तो मान खाली घालून उभा राहिला.

आता बोलावे, असे निळकंठाला वाटले. मग वाटले, आईसाहेबांचा राग थोडा ओसरू दे. मग वाटले, गर्दी पांगली की गुरुजींना एकांतात सांगू. तेही रीतीला धरूनच होईल. तो तसाच उभा राहिला. मघापासून ज्या जिभेने बाग गाजवली होती ती टाळ्याला चिकटून बसली होती.

"किल्ल्या खाली ठेव," आईसाहेब म्हणाल्या, "आणि उद्यापासून येऊ नकोस."

गेनूने कमरेचा जुडगा सोडला. गाठ घट्ट होती, त्याचे हात थरथरत होते, त्यामुळे वेळ लागला. तेवढा सगळा वेळ निळकंठ गप्प राहिला. शेवटी किल्ल्या कारंज्याच्या काठावर ठेवल्याचा आवाज झाला.

"थांबा, आईसाहेब," आचार्य म्हणाले. "साल गेनूनं विकली नाही. ती माझ्या औषधालयात आली आहे. चोर मी आहे."

लोकांत कुजबुज झाली. गुरूंनी आपल्यासाठी तो शब्द स्वतःला लावून घेतला, हे पाहिल्यावर निळकंठाला तिथे उभे राहवेना. तो पुढे आला. पण शरम पहिल्यांदा तोंड उघडते तेव्हा ती कबुली देत नाही, ती वकिली करते. तो म्हणाला, "गुरुजी, साल मी काढली. पण नियम मी एकदाही मोडला नाही. दर वेळी अक्षता ठेवल्या. दर वेळी लेप दिला. दर वेळी चारच बोटं घेतली."

आचार्य मुळाशी बसलेलेच होते. त्यांनी वर पाहिले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर निळकंठाला बरे वाटले असते.

"तू नियम मोडला नाहीस, हे खरं आहे. पण चार बोटांचा नियम ज्यांनी घातला ते रानात उभे होते, निळकंठा. रानात झाडं पुष्कळ. तिथं चार बोटं घेऊन माणूस पुढं जातो, आणि मागं झाडाला भरून यायला वेळ मिळतो. इथं झाड एकच होतं. तू दर वेळी चार बोटं मोजलीस, पण झाडावर किती साल उरली ते कधी मोजलं नाहीस. पानांनी केलेलं अन्न सालीतून मुळांकडं उतरतं. तुझं कडं पूर्ण झालं आणि ते अन्न वरच तुंबलं, म्हणून एवढी फुलं. खाली मुळं उपाशी आहेत. आपण सगळे ज्याला बहर म्हणतो आहोत, ती या झाडाची निरवानिरव आहे."

ते थांबले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "आणि माझंही ऐक. रानातली साल इथं येईपर्यंत सुकते. तू आणायचास ती ओली असायची. हे माझ्या नाकाला दुसऱ्या खेपेलाच कळलं होतं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुला रानात धाडावं लागलं असतं आणि औषधाला उशीर झाला असता. वर मी तुझं कौतुक केलं. म्हणून पाणी सोडायला मी बसलो. तू ये, तूही सोड."

निळकंठ गुडघ्यांवर बसला. पाणी सोडताना त्याला वर पाहवेना. डोक्यावर फुले गळत होती, खांद्यावर पडत होती, आणि प्रत्येक फुलागणिक त्याला मेल्याहून मेल्यासारखे होत होते. धरणीने पोटात घेतले असते तर तो हसत गेला असता.

आईसाहेब कारंज्याकडे गेल्या. काठावरच्या किल्ल्या त्यांनी स्वतःच्या हाताने उचलल्या आणि गेनूच्या हातात दिल्या. "चुकलं माझं," एवढेच त्या म्हणाल्या. निळकंठाकडे वळून त्यांनी आचार्यांना विचारले, "याचं काय करायचं?"

"त्याला इथंच ठेवा," आचार्य म्हणाले. "झाडाच्या पायथ्याशी त्याचीच रोपं उगवली आहेत. ती खोडाला लावून, त्यांचे शेंडे जखमेच्या वर सालीखाली बसवून कलमं बांधू. जगली, तर रोपांच्या अंगातून अन्न खाली उतरेल. खात्री मी देत नाही. बाकी वेळी यानं येणाऱ्याजाणाऱ्यांना बाग दाखवावी. आणि या झाडाला काय झालं असं कुणी विचारलं, तर खरं सांगावं."

निळकंठ किल्ल्यात राहू लागला. गेनूने रोपे निवडून दिली, आचार्यांनी सालीत चिरा कुठे द्यायच्या ते दाखवले, निळकंठाने कलमे बांधली. त्या पावसाळ्यात निम्मी वाळून गेली. उरलेल्यांना तो सकाळसंध्याकाळ पाणी घालीत असे.

लोक येत. "याला काय झालं हो?" असे विचारीत. पहिल्या पहिल्यांदा तो कलमांकडे पाहत उत्तर देई. "साल... मी काढली," एवढे सांगून तो पाठ फिरवी. हळूहळू पुढचे शब्दही फुटू लागले. कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा, ते जमू लागले. चार बोटांची हकीकत ऐकताना लोक श्वास रोखून धरत. आचार्यांनी स्वतःला चोर म्हटले, इथे बायका डोळ्यांना पदर लावत. "केवढं मोठं मन!" असे म्हणून लोक जात. पुढे पुढे तर लोक गोरखचिंचेकडे ढुंकूनही न पाहता सरळ अशोकापाशी येऊ लागले, ती कबुली ऐकायला. माणसाची जात मोठी गमतीची आहे. तिला शरमेचीही पंगत मांडता येते.

पुढच्या वर्षीची अष्टमी आली. अशोकावर फुले थोडीच होती, शोधावी लागत अशी. पण फांद्यांच्या टोकांना तांबूस पालवी लोंबत होती. बायका जरा हिरमुसल्या. निळकंठाने त्यांना थोपवून हकीकत सांगायला घेतली. त्या दिवशी ती फारच रंगली. "आणि गुरूंनी माझं पाप आपल्या माथ्यावर घेतलं," असे म्हणून तो थांबला, तेव्हा गर्दीतला एक वयस्क गृहस्थ पुढे आला आणि त्याने निळकंठाचे पाय धरले.

निळकंठाचा हात आशीर्वादासाठी आपोआप उचलला गेला.

तेवढ्यात त्याला गर्दीच्या मागे आचार्य दिसले. ते काठीवर भार देऊन उभे होते; कधी आले कुणास ठाऊक. त्यांची नजर निळकंठावर नव्हतीच. झाडामागे ओणवा होऊन कलमांना पाणी घालणाऱ्या गेनूकडे ते पाहत होते.

"निळकंठा," ते म्हणाले, "किल्ल्या कुणी खाली ठेवल्या, ते सांगायचं राहिलं."

वर उचललेला हात तसाच राहिला. मग तो खाली आला. वर्षभर त्याने ही गोष्ट किती जणांना सांगितली होती! त्यात अक्षता होत्या, लेप होता, आचार्यांचा मोठेपणा होता आणि स्वतःचा पश्चात्ताप तर पोटभर होता. गेनू मात्र त्यात कधीच नव्हता. जे सांगताना खरोखर लाज वाटली असती, तेवढेच नेमके त्याने झाकून ठेवले होते. त्याचा चेहरा काळवंडला. आजूबाजूची माणसे वाट पाहत होती.

"हे झालं तेव्हा आळ या गेनूवर आला," तो म्हणाला. आता आवाजात चढउतार नव्हते. "त्याला माहीत होतं, तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही. आईसाहेबांनी त्याला कामावरून काढलं. त्याच्या हातांना कंप सुटला होता, कमरेची गाठ सुटत नव्हती. मी बाजूलाच उभा होतो. मी बोललो नाही. गुरुजी बोलले नसते, तर मी बोललोही नसतो."

कुणी डोळ्यांना पदर लावला नाही. पाय धरणारा गृहस्थ उठून उभा राहिला आणि गेनूकडे पाहत राहिला. मग माणसे एकएक करून बकुळीकडे निघून गेली. आचार्य कारंज्याच्या काठावर बसले आणि त्यांनी पाणी मागितले. निळकंठाने ते आणून दिले. 

"अवो," झाडामागून गेनूची हाक आली, "हितं या जरा. ह्या कलमाची दोरी काचाया लागलीया. मी गाठ सोडतो, तुम्ही रोप धरा."

रोपाचे खोड जाड झाले होते, म्हणून दोरी काचत होती. निळकंठ झाडामागे गेला, गेनूच्या शेजारी मातीत बसला आणि त्याने दोन्ही हातांनी रोप धरले.